लेखक आणि लेखनिक

ज्ञानेश्वरीच्या अगदी अखेरीस, शके १२१२ या रचनाकाळाच्या उल्लेखासोबत, सच्चिदानंदबाबा 'लेखक' झाले असे सांगणारी ओवी आहे. वर्गात ती आली की बहुधा दरवर्षी कोणीतरी हात वर करते आणि विचारते, "सर, लेखक सच्चिदानंदबाबा, तर मग ज्ञानेश्वर कोण?" वर्ग हसतो. आम्हीही हसतो आणि ठरलेले उत्तर देतो : जुन्या मराठीत लेखक म्हणजे लिहून घेणारा, ज्याला आज आपण लेखक म्हणतो त्याला तेव्हा कवी म्हणत, ग्रंथकार म्हणत. अर्थबदलाचे हे एक सोयीचे उदाहरण आहे. ते सांगून आम्ही पुढच्या मुद्द्याकडे वळत असू. या साध्या उत्तरात आपल्या वाङ्मयाच्या इतिहासातली केवढी मोठी गोष्ट दडली आहे, हे ध्यानात येण्यास एक उत्तरपत्रिका आणि आमची स्वतःची एक चूक कारणी पडावी लागली. त्या चुकीपासूनच आरंभ करणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

हिमायतनगर हे नांदेड जिल्ह्यातले, मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गावरचे तालुक्याचे गाव. याचे जुने नाव वाढोणा. मराठी, उर्दू, तेलुगू आणि तांड्यावरची गोरमाटी अशा चार भाषा येथील बाजारात एका वेळी ऐकू येतात. अशा ठिकाणी मराठी साहित्य शिकायला येणारी मुले बहुतेक आसपासच्या खेड्यांतली असतात. काही वर्षांपूर्वी त्यांत एक अंध विद्यार्थिनी होती. तिच्याविषयी याहून अधिक ओळख देण्याचे प्रयोजन नाही. अंतर्गत परीक्षेत तिला लेखनिक मिळाला, अकरावीतला एक मुलगा. ती सांगणार, तो लिहिणार. पेपर झाला आणि उत्तरपत्रिका आम्हा दोघांकडे तपासायला आली.

महानुभाव गद्यावरचे तिचे उत्तर चांगले होते. नुसते पाठ केलेले नव्हते, त्यात स्वतःचा एक विचार होता. आणि नेमके ते चांगले होते म्हणूनच आम्हांस शंका आली. हे तिचे असेल का? कोणी सांगितले असेल का? त्यात 'लीळाचरित्र' हा शब्द चार ठिकाणी चार प्रकारे लिहिलेला. आम्ही समासात प्रश्नचिन्ह काढले, शुद्धलेखनाचे गुण कापले, आणि उरलेल्या गुणांतही हात आखडता घेतला. वर्गातल्या दुसऱ्या कोणाचे तेच उत्तर असते तर आम्ही आनंदाने ते मोठ्याने वाचून दाखवले असते.

दोन दिवसांनी ती मैत्रिणीचा हात धरून स्टाफरूममध्ये आली. शांतपणे म्हणाली, "सर, उत्तर माझं आहे. वेलांटी त्या मुलाची आहे." मग तिने ते उत्तर आरंभापासून अखेरपर्यंत बोलून दाखवले, परिच्छेद कोठे पाडायला सांगितला होता त्यासकट. आम्ही ओशाळलो. गुण दुरुस्त केले. निघताना ती जे विचारून गेली ते मात्र दुरुस्त करता येण्यासारखे नव्हते : "मॅडम, पुढच्या पेपरला थोडं साधंच सांगू का? म्हणजे कोणाला शंका यायची नाही."

*

या प्रश्नाने आम्हांस पुन्हा त्या अखेरच्या ओवीकडे नेले. आम्ही ज्या वाङ्मयाचे अध्यापक म्हणवतो त्याच्या पायाशी उभे आहे कोण? नेवाशाला ज्ञानेश्वर बोलले आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतले. त्याही आधी चक्रधरस्वामी बोलले. त्यांनी स्वतः ग्रंथ लिहिला नाही. ते निघून गेल्यावर म्हाइंभटांनी, नागदेवाचार्यांच्या आणि ठिकठिकाणच्या अनुयायांच्या आठवणींतून, एकेक लीळा गोळा केली. यादवसत्तेच्या पडझडीत ती मूळ पोथीही नष्ट झाली, तेव्हा ज्यांना ती मुखोद्गत होती त्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा राहिला. आज आपण हिराइसा पाठ म्हणतो तो एका स्त्रीच्या स्मरणशक्तीचा पाठ आहे. म्हणजे मराठी गद्याचा आद्य ग्रंथ एकाने बोललेला, दुसऱ्याने आठवलेला, तिसऱ्याने लिहिलेला आणि पुन्हा चौथ्याने आठवून सांगितलेला आहे. तरीही त्यातले वचन चक्रधरांचे आहे याविषयी आपण वर्गात कधी प्रश्नचिन्ह काढत नाही. पाठभेदांची चर्चा करतो. पण वेलांटीवरून स्वामींचे गुण कापत नाही.

जनाबाईंच्या नावावर असलेला एक अभंग याबाबतीत फार बोलका आहे. कोणाची वचने कोणी लिहून घेतली, याची त्यात यादीच दिली आहे. ज्ञानदेवांची सच्चिदानंदबाबांनी, निवृत्तिनाथांची सोपानदेवांनी, मुक्ताईची ज्ञानदेवांनी, सावता माळ्यांची काशिबा गुरवाने, चोखामेळ्यांची अनंतभट्टांनी. आणि शेवटी, नामयाच्या जनीची खुद्द पांडुरंगाने. ही यादी इतिहास म्हणून कितपत धरावी याविषयी मतभेद होऊ शकतात. परंतु ती रचणाऱ्या मनाला बोलणारा आणि लिहिणारा ही दोन माणसे असणे अगदी स्वाभाविक वाटत होते, यात मतभेदाला जागा नाही.

या यादीत आणखीही एक गोष्ट आहे. ज्ञानदेवांना लिहिता येत नव्हते म्हणून सच्चिदानंदबाबा आले नाहीत. यादीप्रमाणे मुक्ताईची वचने लिहून घेणारे तेच आहेत. तेथे लेखक ही रीत होती, सोय होती. परंतु चोखोबांच्या हाती लेखणी नसणे ही रीत नव्हती. जातिव्यवस्थेने त्यांच्यासाठी अक्षराची वाट बंद केली होती. गंगाखेडहून नामदेवांच्या घरी आलेली जनी दासी होती आणि स्त्री होती. तिच्या हातात जाते होते, बोरू नव्हता. म्हणजे हात आणि अक्षर यांच्यामध्ये कधी रीत येते, कधी जात येते, कधी स्त्रीपण येते. आमच्या विद्यार्थिनीच्या बाबतीत दृष्टी आली. पहिल्या तीन प्रसंगी आपण म्हणतो की वाणी त्यांची, हात दुसऱ्याचा. चौथ्या प्रसंगी मात्र आपली जीभ अडखळते. असे का व्हावे?

पुढचा इतिहासही याच वाटेने जातो. तुकोबांचे अभंग लिहून ठेवणाऱ्यांत संताजी जगनाडे आणि गंगाराम मवाळ यांची नावे परंपरा घेते. समर्थांनी दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी लिहिला. कल्याणांच्या हातची मानली जाणारी प्रत आपल्याच मराठवाड्यात, परंडा तालुक्यातल्या डोमगावच्या मठात जपली गेली. विशेष म्हणजे त्याच दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर कसे असावे, ओळी कशा सोडाव्या, बोरू कसा असावा याचा समर्थांनी तेथे बारकाईने विचार केला आहे. ज्यांना लेखन हे इतके जाणतेपणाचे काम वाटत होते, त्यांनीच ग्रंथ सांगताना लेखणी शिष्याच्या हाती दिली. लेखन ही एक कला आणि रचना ही दुसरी, हा भेद त्यांच्या मनात पक्का होता. जुन्या पोथ्यांच्या शेवटी नक्कलकार वाचकाची क्षमा मागतो. जसे पाहिले तसे लिहिले, चूक असेल तर दोष देऊ नये, असे विनवतो. वेलांटीची जबाबदारी कोणाची, हे त्या नक्कलकारांना ठाऊक होते. आम्हांस ते एका विद्यार्थिनीने सांगावे लागले.

*

येथवरची उदाहरणे डोळस, धडधाकट माणसांची आहेत, असा आक्षेप कोणी घेईल. म्हणून आता आपल्याच परंपरेतल्या एका वेगळ्या माणसाकडे वळू.

महिपतींनी 'भक्तविजय' हा ग्रंथ १७६२ मध्ये पूर्ण केला. त्यात पैठणच्या कूर्मदासाची कथा आहे. त्याला जन्मापासून हातपाय नव्हते. कीर्तनात पंढरीचे माहात्म्य ऐकून त्याला वारीची ओढ लागली आणि तो जमिनीवर लोळत, सरपटत निघाला. पैठणपासून कुर्डुवाडीजवळचे लऊळ हे अंतर सरळ रेषेत मोजले तरी दीडशे किलोमीटरच्या आसपास भरते. लऊळला पोहोचेतो एकादशी तोंडावर आली. पुढची वाट वेळेत कापणे शक्य नव्हते. तेव्हा त्याने पंढरीला निघालेल्या वारकऱ्यांकरवी विठ्ठलाला निरोप धाडला : मला येववत नाही, आपणच यावे. आणि विठ्ठल ज्ञानदेव-नामदेवांना सोबत घेऊन निघाला. वाटेत अरणला सावता माळ्याची भेट झाली, आणि मग देव लऊळला पोहोचला.

ही कथा भक्तीच्या महिम्यासाठी सांगितली जाते आणि तशी ती आहेच. आम्ही मात्र हल्ली तिच्यातल्या निरोपापाशी थांबतो. कूर्मदास स्वतः जाऊ शकत नाही. त्याचे शब्द परक्याच्या तोंडून जातात. देव त्या वारकऱ्याला असे विचारत नाही की हे तुझे म्हणणे की त्याचे? निरोप ज्याचा, त्याच्याचकडे तो निघतो. दुसरेही एक पाहण्यासारखे आहे. कूर्मदासाने जेवढे अंतर कापता येईल तेवढे कापले, आणि उरलेले अंतर समोरच्याने कापावे असे निःसंकोच सांगितले. त्यात लाचारी नाही. सामाजिक न्यायाच्या परिभाषेत आपण ज्याला सुगम्यता म्हणतो, ती दुसरी काय असते? रॅम्प, ब्रेल पुस्तक, लेखनिक, जादा वेळ ही उपकाराची यादी नव्हे. उरलेले अंतर कोणी कापायचे, या प्रश्नाची ती उत्तरे आहेत.

तरी कूर्मदास हा कथेतला. इतिहासातला माणूस हवा असेल तर विदर्भातले गुलाबराव महाराज आहेत. अमरावती जिल्ह्यात १८८१ साली त्यांचा जन्म झाला. वय वर्षाचेही नसताना त्यांची दृष्टी गेली आणि १९१५ साली, अवघ्या चौतिसाव्या वर्षी, पुण्यात ते निवर्तले. एवढ्या आयुष्यात त्यांनी शंभराहून अधिक लहानमोठे ग्रंथ रचले. वेदान्त, भक्तिशास्त्र, संगीत, व्याकरण, पाश्चात्त्य विचारांचे खंडन असे त्यांचे विषय. स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवून घेणारा हा पुरुष नावंग नावाची एक नवी भाषाही घडवत होता. हे सारे कसे झाले? कोणीतरी वाचून दाखवले, त्यांनी ऐकून धरून ठेवले, ते बोलले, आणि कोणीतरी लिहून घेतले.

लोकांनी त्यांना प्रज्ञाचक्षू म्हटले. शब्द सुंदर आहे, आदरातून आलेला आहे. पण त्यातही एक अडचण आहे असे आम्हांस वाटते. अंध माणूस विद्वान असू शकतो हे मान्य करण्यासाठी आपल्याला त्याला दुसरा, दिव्य डोळा बहाल करावा लागतो. मग दिव्य दृष्टीच्या आख्यायिका जमतात, आणि त्यांच्या गर्दीत वाचून दाखवणारे, लिहून घेणारे ते साधे हात दिसेनासे होतात. ऐकून शिकण्यामागचे अफाट कष्टही दिसेनासे होतात. आमच्या शंकेने त्या मुलीला कमी लेखले. आख्यायिका महाराजांना मनुष्यकोटीच्या वर नेऊन ठेवते. दोन्ही वाटांनी आपण एकच गोष्ट टाळतो : अंध माणूस हा आपल्यासारखाच विचार करणारा, कष्ट करून शिकणारा, कधी चुकणारा आणि कधी आपल्याहून चांगले लिहिणारा माणूस आहे, ही. अपंग, विकलांग, दिव्यांग असा आपल्या शब्दांचा प्रवास झाला. २०२२ मध्ये महाराष्ट्रात दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभागही झाला. शब्द बदलण्याचे मोल आम्ही नाकारत नाही. पण अंगाला दिव्यत्व दिले म्हणजे मनातली शंका गेली, असे मात्र होत नाही.

*

ही शंका केवळ आपल्याकडची नाही. इंग्रजी वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांना मिल्टनचे उदाहरण ठाऊक असते. १६५२ च्या सुमारास त्याची दृष्टी पूर्ण गेली आणि १६६७ मध्ये प्रसिद्ध झालेले 'पॅराडाइज लॉस्ट' त्याने दुसऱ्यांना सांगून लिहवून घेतले. ते महाकाव्य लेखनिकांचे आहे असे कोणी म्हणत नाही. मिल्टन आधीच मोठा होता, विद्वान म्हणून प्रस्थापित होता. त्यामुळे त्याला कोणी विचारले नाही. विचारले गेले ते अकरा वर्षांच्या हेलन केलरला.

१८९१ मध्ये हेलनने 'द फ्रॉस्ट किंग' ही गोष्ट लिहून पर्किन्स अंधशाळेच्या संचालकांना वाढदिवसाची भेट म्हणून पाठवली. ती छापली गेली आणि मग लक्षात आले की मार्गारेट कॅन्बी यांच्या एका जुन्या गोष्टीशी तिचे फार साम्य आहे. ती गोष्ट हेलनला पूर्वी कधीतरी हातावर अक्षरे उमटवून सांगण्यात आली होती आणि स्मरणात कोठेतरी रुजून, स्वतःची म्हणून उगवली होती. साम्य खरे होते, चौकशीही गैर नव्हती. परंतु त्या बधिरांध मुलीला तिच्या शिक्षिकेपासून, ॲन सलिव्हनपासून, वेगळे करून मोठ्या माणसांच्या समितीपुढे बसवण्यात आले. समितीची मते समसमान पडली. संचालकांच्या मताने ती सुटली. पुढे १९०३ च्या आत्मचरित्रात हेलनने लिहिले आहे की त्यानंतर बराच काळ, साधे पत्र लिहितानासुद्धा, हे वाक्य माझे की कोणाचे या भीतीने तिला ग्रासले होते. तेच आत्मचरित्र वाचून मार्क ट्वेनने तिला पत्र पाठवले. त्याच्या मते माणसाच्या बहुतेक कल्पना उसन्याच असतात, आणि त्या समितीने आधी स्वतःकडे पाहायला हवे होते.

हे वाचताना आम्हांस स्टाफरूममधला तो प्रश्न आठवला. साधंच सांगू का? शंका घेणारा एकदा शंका घेतो आणि विसरतो. जिच्यावर घेतली जाते ती स्वतःच्या वाक्याकडे संशयाने पाहू लागते आणि हळूहळू, सुरक्षित राहण्यासाठी, आपल्याला येते त्याहून कमी बोलू लागते. मग आपण म्हणतो, बघा, यांचे उत्तर साधेच असते.

आपल्या नियमांतही ही शंका मुरलेली दिसते. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने २०१३ मध्ये परीक्षांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत लेखनिकाच्या शिक्षणावर मर्यादा नसावी आणि ताशी किमान २० मिनिटे जादा वेळ मिळावा असे म्हटले होते. २०१८ च्या सूचनांत, परीक्षार्थीने स्वतः आणलेला लेखनिक त्याच्याहून एक पायरी खाली शिकलेला असावा अशी अट आली. अटीमागची भीती समजण्यासारखी आहे. गैरप्रकार होतात हे आम्ही परीक्षेच्या कामात असणारी माणसे नाकारू शकत नाही. परंतु पदवीच्या विद्यार्थिनीने महानुभाव गद्यावर बोलावे आणि ज्याने तो शब्द कधी ऐकला नाही अशा मुलाने ते लिहावे, हाही प्रकार न्यायाचा नव्हे. सच्चिदानंदबाबा अडाणी असते तर ज्ञानेश्वरीची काय गत झाली असती? फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने लेखनिकाचा हक्क अधिक व्यापक केला. हाताला पेटके येत असल्याने लिहू न शकणाऱ्या परीक्षार्थीला, त्याच्या अपंगत्वाची टक्केवारी ठरावीक मर्यादेपर्यंत भरत नसली तरी, लेखनिक नाकारता येणार नाही, असा तो निर्णय आहे. काहींच्या गैरवापराच्या भीतीपोटी सर्वांचा हक्क काढून घेता येत नाही, ही त्यातली दृष्टी आम्हांस मोलाची वाटते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ वर नेले आणि उच्च शिक्षणात किमान ५ टक्के जागा राखल्या. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजारांहून अधिक अपंग व्यक्तींची नोंद झाली होती. त्यांतली मुले आता आपल्या वर्गांत येत आहेत, येत राहणार आहेत. कायदा त्यांना दारापर्यंत आणील. उत्तरपत्रिका हाती घेतल्यावर आपल्या मनात काय येते, ते कायद्याला ठरवता येत नाही.

मन मोकळे ठेवणे म्हणजे काय, याचा आम्ही आमच्यापुरता एक साधा अर्थ लावला आहे. चांगले उत्तर दिसले की प्रथम ते चांगले आहे म्हणून आनंद व्हावा. शंका आली तर ती जशी इतर कोणाविषयी येईल तेवढीच यावी, आणि तिचे निरसन विचारून करावे, समासात प्रश्नचिन्ह काढून नव्हे. फार कौतुकही नको. तिच्या उत्तरातला कच्चा मुद्दा कच्चाच म्हणावा. कारण ज्याच्यावर टीका करण्यास आपण कचरतो त्याला आपण पुरते गंभीरपणे घेतलेले नसते.

त्या विद्यार्थिनीच्या पुढच्या पेपरला लेखनिक म्हणून तोच मुलगा होता. ताई सांगते ते आधी ऐकायचे आणि अडले तर तिलाच विचारायचे, एवढे आम्ही त्याला बजावले होते. उत्तर तिने साधे सांगितले नाही. ज्ञानेश्वरीवरच्या तिच्या एका विधानाशी आम्ही आजही सहमत नाही आणि तसे तिला सांगितलेही. ती वाद घालून गेली. उत्तरपत्रिकेत 'ज्ञानेश्वरी' हा शब्द या वेळी सगळीकडे शुद्ध होता. पहिल्या पानावर लेखनिकाच्या नावाची जागा असते, तेथे त्या मुलाने आपले नाव लिहिले होते. आम्हांस त्या क्षणी ग्रंथाच्या अखेरीस नम्रपणे आपले नाव घालणारा दुसरा एक लेखक आठवला.